इलाहीची पाच मिनिटं

सकाळी सव्वासातला फोन वाजला तेव्हा मी चहाला आधण ठेवत होतो. रेहानाचा नंबर दिसला आणि मला वाटलं, अर्जाचं विचारायला फोन असेल. तिच्या वडिलांचा एक अर्ज मला लिहून द्यायचा होता. महिना उलटला होता आणि मी तो रोज उद्यावर ढकलत होतो. म्हणून तिला बोलूही न देता मीच म्हणालो, "अगं, आज नक्की लिहितो." ती म्हणाली, "काका, अब्बा गेलं... पहाटं. चहा मागितला, आन् मी चहा आणंस्तोवर गेलं." पातेल्यातलं पाणी आटून बूड करपल्याचा वास आला तेव्हा कुठे मला कळलं, की फोन कधीच बंद झालाय आणि मी तो कानाला लावून उभा आहे.

इलाही मुलाणी माझा चौथीपासूनचा वर्गमित्र. आम्ही दोघेही कळंबचे. मी शिकून बारामतीत समाजशास्त्राचा प्राध्यापक झालो, आणि तो इंदापूर तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात पॅनमन झाला. मी प्राध्यापक झालो तरी त्याने मला कधी 'मास्तर'च्या वर चढू दिलं नाही. कारखान्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं, तर चर्चा त्या नावाचीच होईल. कोणाचा गट, कोणाचं पॅनल, यावर लोक आठ दिवस बोलतील आणि इलाहीचं म्हणणं पुन्हा एकदा बाजूला पडेल. ते आधीच पुरेसं बाजूला पडलेलं आहे.

परवा त्याचा चाळिसावा झाला. त्याआधी, तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात, कारखान्यावर शोकसभा झाली. फोटोला हार होता, माईक होता, बाटलीबंद पाणी होतं. एक तरुण अधिकारी बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "इलाहीचाचा गेले, असं आम्ही मानतच नाही. त्यांचं ज्ञान आमच्या यंत्रणेत जिवंत आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारी रेहाना बसली होती, तिने मान खाली घातली. मला इतका संताप आला, की हातातली बाटली मी चुरगळून टाकली. त्या अधिकाऱ्यांचा राग तर आलाच, पण खरा राग माझाच आला. कारण ते वाक्य मूळचं माझं होतं. तीन वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात मीच ते म्हणालो होतो, आणि इलाही तेव्हा पहिल्या रांगेत बसलेला होता.

पॅनमन म्हणजे काय, हे साखर खाणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसतं. उसाचा रस आटवून घट्ट झाला, की तो पॅन नावाच्या एका प्रचंड बंद भांड्यात शिजतो आणि तिथे साखरेचा दाणा धरतो. किती वाफ द्यायची, पाक कधी घ्यायचा, दाणा वाढू द्यायचा की थांबवायचा, हे ठरवणारा माणूस तो पॅनमन. इलाही दांडीने नमुना बाहेर काढायचा, काचेच्या पट्टीवर घेऊन दिव्यासमोर धरायचा, आणि मग अंगठा आणि तर्जनीत तार ओढून बघायचा. ती दोन बोटं कारखान्याच्या प्रयोगशाळेच्या आधी उत्तर द्यायची. माझ्या घरी आला तरी तो साखरेच्या डब्यात हात घालायचा, चिमूट चोळायचा आणि आमच्या हिला म्हणायचा, "वैनी, हा माल आमचा न्हाय. ह्याच्या पॅनमनला झोप लागली व्हती." ती डबा काढून घ्यायची आणि म्हणायची, "भाऊजी, साखर खायला ठेवलीय, चोळायला नाही."

माल शिजला, की पॅनच्या तळाची झडप उघडतात आणि तो सगळा रटरटता ढीग खालच्या मजल्यावरच्या लांबट हौदात पडतो. त्याला 'पॅन सोडणं' म्हणतात. हौद रिकामा असताना त्याच्या कडांना धरलेली साखर खरवडायला माणूस आत उतरतो. एवढं लक्षात ठेवलं, की पुढचं सगळं समजेल.

सहा-सात वर्षांपूर्वी कारखान्याने पॅन स्वयंचलित करायचे ठरवले. पुण्याहून दोन इंजिनिअर आले आणि एक अख्खा गाळप हंगाम इलाहीच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसले. तो काय करतो, कधी करतो, किती वेळ करतो, सगळं टिपून घेतलं. इलाहीने काही लपवलं नाही. उलट घरून जास्तीच्या भाकऱ्या आणायचा त्यांच्यासाठी. "पोरं मन लावून शिकत्यात रं," असं मला कौतुकाने सांगायचा. मी त्याला विचारलं होतं, की अरे, तू स्वतःच्याच नोकरीचा खड्डा खणतोयस, कळतंय का तुला? तर म्हणाला, "मास्तर, उस्तादानं मला शिकवलं तवा कुठं त्याला भ्या वाटलं?" मला ते भोळेपण वाटलं. आज वाटतं, आमच्या सगळ्यांत शहाणा तेवढा तोच होता.

पुढच्या हंगामात पॅन आपोआप चालू लागले आणि इलाहीला खुर्ची मिळाली. 'देखरेख' असं कामाचं नाव होतं. एकदा भेटायला गेलो तर तो पंख्याखाली बसून आपलीच दोन बोटं एकमेकांवर चोळत होता. "पगार हाय, पंखा हाय, खुर्ची हाय," तो म्हणाला. "फकस्त काम न्हाय." मी मोठ्या उत्साहाने त्याला माझा सिद्धांत सांगितला, की यंत्राने माणसाचं ओझं उचललं म्हणजे माणूस मोकळा होतो, त्याला वाचता येतं, गाता येतं, नातवंडांत रमता येतं. आमच्या विषयात याच्यावर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. एक गट म्हणतो काम जाईल आणि माणूस उपाशी मरेल, दुसरा म्हणतो काम जाईल आणि माणूस सुखी होईल. मी सुखीवाल्यांतला. इलाहीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गाणं येत न्हाय मला." तेव्हा मी हसलो होतो.

तो निवृत्त झाल्यावर बारामतीत आमच्या चर्चासत्रात मी त्याला मुद्दाम बोलावलं. खरं सांगायचं तर मिरवायलाच बोलावलं. माझ्या भाषणात त्याचं उदाहरण होतं. इलाही प्रत्येक पॅन सोडण्याआधी वाफ बंद करून पाच मिनिटं थांबायचा, आणि हे थांबणं यंत्रातही जसंच्या तसं घेतलं होतं. पडद्यावर त्याचं नावच होतं, 'दाणा बसण्याचा अवधी'. मी सभागृहाला सांगितलं, की कोणत्याही पुस्तकात नसलेलं हे कारागिराचं ज्ञान आहे, ते आता यंत्रात उतरलं आहे, कारागीर निवृत्त झाला तरी त्याचं ज्ञान यंत्रणेत जिवंत आहे... टाळ्या पडल्या. आणि इलाही उभा राहिला. स्वच्छ पांढरा सदरा, टोपी, दोन्ही हात मागे बांधलेले.

"मास्तर, दाणा बसाया पाच मिंटं लागत न्हाईत," तो म्हणाला.

लोक हसले. मी म्हणालो, "मग किती लागतात?"

"काहीच लागत न्हाईत."

सभागृह आणखी हसलं. मी 'वेळेअभावी' पुढच्या वक्त्यांना बोलावलं. तीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आलो, की प्रश्न विचारणाऱ्याचं आधी ऐकून घ्यावं, आणि आयुष्यात एकदा खरा प्रश्न समोर उभा राहिला तेव्हा मी घड्याळाकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी कॉलेजच्या फाटकाबाहेर चहा पिताना त्याने सांगितलं. फार वर्षांपूर्वी, रेहाना दोन महिन्यांची असताना, एका हंगामात उसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. शिफ्टच्या साहेबांचा खालून फोन आला, पॅन का अडवलाय, सोड. इलाहीने घंटा वाजवली आणि झडप उघडली. हौदात सोपान नावाचा कामगार होता, साखर खरवडत.

"वरडला आसंल, पर मला ऐकू आलं न्हाय," इलाही म्हणाला. "यंत्रांच्या आवाजात माझी घंटा त्याला ऐकू गेली न्हाय, त्याचं वरडणं मला ऐकू आलं न्हाय. खालून एक जण पळत वर आला, तवा कळलं... माल पडल्यावर."

सोपान वाचला, पण त्याचे दोन्ही पाय मांड्यांपर्यंत भाजले आणि तो पुन्हा कधी काठीशिवाय चालला नाही. साहेबांनी अहवालात लिहिलं, 'कामगार पाय घसरून हौदात पडला.' साहेबांची आणि इलाहीची, दोघांच्याही नोकऱ्या वाचल्या. सोपान होता तोवर दर ईदला इलाही शिरखुर्म्याचा डबा घेऊन स्वतः त्याच्याकडे जायचा, हे मला माहीत होतं. का जायचा, हे त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून इलाही पॅन सोडण्याआधी वाफ बंद करायचा, लोखंडी जिन्याच्या अठ्ठावीस पायऱ्या उतरून खाली जायचा, हौदात स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, कडेवर दांडी आपटायचा, वर यायचा आणि मगच झडप उघडायचा. तरुण होता तेव्हा याला तीन मिनिटं लागायची. पुढे गुडघे गेले, तेव्हा पाच लागायला लागली. इंजिनिअर आले ते त्याच्या पाच मिनिटांच्या काळात. म्हणजे यंत्राने त्याचे गुडघेसुद्धा नोंदवून घेतले, फक्त तो खाली कशाला जातो ते नोंदवलं नाही.

"त्यांनी विचारलं नाही?" मी म्हणालो.

"विचारलं की. खाली का जाता, आन् एवढा येळ का थांबता."

"मग?"

"साहेब बसलं व्हतं ना समोर. म्हातारं झालं व्हतं, सल्लागार म्हणून यायचं. आता त्यांच्या तोंडावर कसं सांगू, की तुमी खोटं लिवलं व्हतं? माझ्यासाठीच लिवलं व्हतं की त्यांनी." तो कपाकडे बघत राहिला. "म्हणलं, पाय मोकळं कराया जातो. तवर दाणा बसतो. त्यांनी टाइप केलं."

आमच्याकडची ही भीड... परक्या मुलखातला माणूस असता तर बोलून मोकळा झाला असता. आपल्याकडे ज्याने एकदा पाठीशी घातलं, त्याला चारचौघांत खाली बघायला लावायचं नसतं, मग भले ते खोटं यंत्राच्या पोटात कायमचं जाऊन बसो. इलाहीला वाटलं होतं, नंतर कधीतरी एकटं गाठून खरं सांगू. ते इंजिनिअर पुन्हा आलेच नाहीत.

साहेब वारले आणि भीड संपली. इलाहीने स्वतःच्या हाताने पहिला अर्ज लिहिला. त्याचं मागणं अगदी साधं होतं. यंत्र काढा असं तो कधीच म्हणाला नाही. यंत्राचा दाणा एकसारखा येतो, हे तो स्वतःहून सांगायचा. त्याचं म्हणणं एवढंच, की हौदापाशी एक बटन बसवा, आणि खालच्या माणसाने हौदात बघून ते दाबल्याशिवाय वरचा पॅन सुटू देऊ नका. एक बटन! कारखान्याच्या फाटकावरच्या रोषणाईत तसली शेकडो बसली असतील. उत्तर आलं, 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.' दुसऱ्या अर्जाला तेच उत्तर, फक्त तारीख बदलून. तो प्रत्यक्ष जाऊन भेटला, तेव्हा त्याला सांगण्यात आलं, की चाचा, पाच मिनिटं तर आहेतच, त्यांचं कारण काय लिहिलंय याने काय फरक पडतो?

फरक काय पडला, तो गेल्या वर्षी दिसला. कार्यक्षमता वाढवण्यासाठी नवे सल्लागार आले. त्यांनी प्रयोगशाळेत तपासलं आणि अहवाल दिला, की दाणा बसण्यासाठी कसलाही अवधी लागत नाही, पाच मिनिटं वाया जातात. अहवाल बरोबरच होता. इलाही भर सभागृहात हेच सांगत होता! आणि त्या बरोबर अहवालाच्या जोरावर पाच मिनिटांचं एक मिनिट झालं. तेही झडपेसाठी ठेवलं, माणसासाठी नाही.

या हंगामाचा बॉयलर पेटला त्या दिवशी तो फाटकावर गेला होता. रखवालदार ओळखीचा, आमच्याच गावचा. "चाचा, पास न्हाय तुमच्याकडं, मी काय करू," म्हणाला आणि बसायला स्वतःची खुर्ची दिली. आयुष्य जिथे घालवलं तिथे आत जायला पास नाही... इलाही त्या खुर्चीवर तासभर बसला आणि तिथून थेट एसटीने माझ्याकडे बारामतीला आला. हातात प्लास्टिकची पिशवी होती, तिच्यात सगळ्या अर्जांच्या प्रती.

ती आमची शेवटची भेट. त्या दिवशी त्याने साखरेच्या डब्यात हात घातला नाही. पिशवी टेबलावर ठेवून म्हणाला, "मास्तर, तू लिही. तुझ्या भाषेत लिही. माझ्या भाषेला त्यांच्याकडं पोच न्हाय." मी म्हणालो, चार दिवसांत देतो. मग मला वाटलं, नुसता अर्ज कशाला, चांगला सविस्तर लेखच लिहू, संदर्भ देऊ, यंत्र आणि श्रम यांच्या नात्याची चौकट मांडू. चौकट मांडता मांडता महिना गेला. निघताना दारात तो म्हणाला होता, "लई मोठं नगं लिहू. खाली माणूस आसतो, एवढंच लिही."

त्याला हवी होती ती दोन ओळींची गोष्ट, आणि मला ती पुरेशी विद्वान वाटली नाही. माझी लाज मी लपवणार नाही. पण ती माझ्या एकट्याची नाही. आम्ही सगळे, सिद्धांत मांडणारे आणि यंत्र बसवणारे, काम म्हणजे हातांच्या हालचाली असं धरून बसलो. हालचाली मोजल्या, मिनिटं मोजली, त्या यंत्राला शिकवल्या आणि जाहीर केलं, की काम संपलं. रोज अठ्ठावीस पायऱ्या उतरून एक माणूस दुसऱ्या माणसाला बघायला जातो, हेही काम आहे, हे आमच्या एकाही तक्त्यात बसलं नाही. ते संपलेलं नाही, ते कोणी करत नाही एवढंच झालंय. आणि वर आम्ही शोकसभेत सांगतो, की तो यंत्रणेत जिवंत आहे.

त्या सभेनंतर तेच अधिकारी मोठ्या अगत्याने मला पॅनच्या मजल्यावर घेऊन गेले. "सर, चाचांचं ज्ञान बघा," म्हणाले, आणि मग फोन आल्यामुळे बाजूला गेले. पडद्यासमोर जवळच्या डाळज गावची एक मुलगी बसली होती, हुशार, नम्र. मी इलाहीचा मित्र, असं सांगितल्यावर तिने खुर्ची दिली. मी विचारलं, "पॅन सोडायच्या आधी खाली कोण बघतं?"

"कॅमेरा हाय की, सर," ती म्हणाली आणि तिने पडद्याच्या कोपऱ्यातलं चित्र मोठं केलं. चित्र पांढरंफटक होतं. तिने ओढणीच्या टोकाने पडदा पुसला. चित्र तसंच राहिलं. "वाफ धरलीय काचंला," ती ओशाळून म्हणाली. "हंगामात धरतीच ती."

"आत्ता खाली कोणी आहे का?"

"नसंल, सर."

तेवढ्यात पडद्यावर आकडे सुरू झाले. साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न... मी तिला म्हणालो, थांबव. ती म्हणाली, "मला थांबवता येत न्हाय, सर, साहेबांचा पासवर्ड लागतो." मी अधिकाऱ्यांना हाक मारली. ते कानाला फोन लावून पाठमोरे उभे होते, त्यांना ऐकू गेलं नाही. तिथे कोणाचंच कोणाला ऐकू जात नाही. मग मी जिन्याकडे धावलो. चौसष्ट वर्षांच्या माणसाचं धावणं ते. कठड्याचा रंग मधल्या भागात पार उडून गेलेला, लोखंड हातांनी गुळगुळीत झालेलं. तो हात कोणाचा, हे मला सांगावं लागत नव्हतं. त्याच कठड्याला धरून मी पायऱ्या मोजत उतरत होतो, आणि बाराव्या की तेराव्या पायरीवर असताना वरची झडप उघडली. सगळा जिना थरथरला आणि माल हौदात पडायला लागला.

उरलेल्या पायऱ्या उतरून मी हौदापाशी गेलो आणि वाफेत वाकून बघितलं. हौदात कोणी नव्हतं. पण ते मला कळलं, माल पडल्यावर.